साडीसारखा धरलेला एक्सरे

लोखंडी कपाटात साड्यांखाली आज अण्णांचा, म्हणजे माझ्या दिवंगत वडिलांचा, एक्सरे सापडला. काही वर्षांपूर्वी तो काढून आणला, त्या दुपारी वडगावातल्या घरात अण्णांचा साड्या विणायचा माग बंद होता. इंग्रजी रिपोर्ट वाचणारा घरात मी एकटाच, एक्सरेच्या कोर्सला जाणारा शहाणा. ‘ट्यूमर’ हा शब्द गिळून म्हणालो, “न्यूमोनिया हाय अण्णा, गोळ्यांनी जाईल.” विणून झालेली साडी तपासावी तशी त्यांनी ती फिल्म खिडकीच्या उजेडात ताणून धरली. फुप्फुसावरच्या पांढऱ्या डागाशी त्यांचं बोट थांबलं. “जलमभर कापडातला दोष हुडकलाय रं मी,” एवढंच बोलून त्यांनी फिल्म पाकिटात घातली. मग म्हणाले, “आईला मातुर न्यूमोनियाच सांग.” आज ते पाकीट बघून आईनं विचारलं, “न्यूमोनियानं माणूस इतक्या लवकर जातंय व्हय रं?” आता दवाखान्यात रोज एक्सरे काढणारा मी म्हणालो, “जातंय की.”