शिक्का नसलेलं झाड

गेल्या बारा वर्षांत मी पनवेलमध्ये पुष्कळ बोललो आहे. वाचनालयात येणाऱ्याजाणाऱ्यांशी, मासळीवाल्या बायकांशी, एस्टीच्या कंडक्टरांशी. परका माणूस गप्प बसला की लोकांना संशय येतो, म्हणून जरा जास्तच. पण एका सोमवारी सकाळी मी जे एक वाक्य बोललो, त्याबद्दल मात्र आजवर कुणाशी अक्षर नाही. आईला लिहिलं नाही. आपटेकर मास्तरांना सांगितलं नाही — आणि त्यांना तर सांगायलाच हवं होतं. आत्ता लिहायला बसलोय. दार लावून घेतलं आहे. कोण येणार आहे? कुणी नाही. तरी लावलं आहे.

आधी मास्तरांबद्दल सांगतो. म्हणजे बघा, अजूनही मी मूळ गोष्टीकडे सरळ जात नाही.

मी वऱ्हाडातला. वडील गेले आणि पाचवीतून शाळा सुटली. काम शोधत शोधत पनवेलला आलो, एका भाताच्या गिरणीत पोती उचलायला लागलो. दुपारच्या सुट्टीत वाचनालयाच्या ओट्यावर बसून जुनी वर्तमानपत्रं वाचायचो. मास्तर वाचनालयाचे चिटणीस होते. बेने इस्रायल समाजाचे, म्हणजे कोकणातले ज्यू. शाळेत गणित शिकवायचे, आणि मराठी अशी, की मला माझ्या बोलण्याची लाज वाटायची. महिनाभर त्यांनी मला नुसतं पाहिलं आणि एक दिवस विचारलं, "पुस्तकं सांभाळशील का?" त्या जागेला सातवी पास माणूस हवा होता. मास्तरांनी कमिटीला काय सांगितलं कोण जाणे, माझा दाखला कुणी मागितला नाही. मागची खोली राहायला मिळाली. तिला खिडकी होती. गिरणीत पोत्यांवर झोपणाऱ्याला खिडकी म्हणजे काय, ते कसं सांगू?

पण त्या दिवसापासून एक भीती मागे लागली. कधीतरी कुणीतरी दाखला मागेल. सरकारी खाकी पाकीट आलं की मी ते आधी उजेडात धरून बघायचो. कुठल्या चौकशीत यायचं नाही, कुणाच्या तोंडी आपलं नाव येऊ द्यायचं नाही — एवढंच मी शिकलो.

त्या वर्षी थंडीत मुंबईहून तिघं फिल्मवाले आले. झाडं तुटली की डोंगराची माती कशी वाहून जाते, खाडी कशी गाळाने भरते, यावर माहितीपट करत होते. मास्तर खूश. ते दर पावसाळ्यात पाताळगंगा नदीचं लाल पाणी काचेच्या ग्लासात भरून वर्गात ठेवायचे आणि तळाशी माती किती बसते ते मुलांना पट्टीने मोजायला लावायचे. मला म्हणाले, "नारायण, ह्यांना कर्नाळ्याकडे घेऊन जा. काय लागेल ते बघ."

काय लागेल ते बघ. मी ते फारच मनावर घेतलं.

तिथे सोमा भेटला. कातकरी, माझ्याच वयाचा, कोळशाच्या ठेकेदारासाठी झाडं तोडायचा. तोडीचा नियम असा, की जंगलखात्याची माणसं आधी हातोड्याने बुंध्याशी शिक्का मारतात. शिक्क्याचंच झाड तोडायचं, आणि तोडल्यावर खुंटावर तो शिक्का दिसला पाहिजे. शिक्क्याची झाडं सावलीत होती. कॅमेरावाल्याला उन्हातलं हवं होतं. उताराच्या कडेला ऐनाचा एक जुना वृक्ष उभा होता, मागे सगळं आकाश. "तो," कॅमेरावाला म्हणाला. ऊन उतरायला लागलं होतं. तो सारखा घड्याळ बघत होता.

सोमा बुंध्याभोवती एक फेरी मारून आला. "याला शिक्का नाय, भाऊ."

"परवानगी घेतलीय," मी म्हणालो.

कुणी घेतली नव्हती. मला कुणी तसं सांगितलं नव्हतं, मी विचारलंही नव्हतं. साहेब लोक खोळंबलेत, जाऊन मास्तरांना सांगतील की तुमचा माणूस कामाचा नाही — एवढंच डोक्यात होतं. सोमाने माझ्याकडे पाहिलं. "तुला कागदातलं कळतं," म्हणाला आणि कुऱ्हाड उचलली.

तुम्हाला वाटेल, हेच ते वाक्य. नाही. यातून अजून मागे फिरता आलं असतं.

दोनेक महिन्यांनी जंगलखात्याचा गार्ड वाचनालयात पेपर वाचता वाचता सांगू लागला, की त्याच्या हद्दीत बिनशिक्क्याचा एक खुंट सापडलाय. वरून त्यालाच विचारणा झाली होती. झाड कुणाला विकलंस, म्हणून. "तोडणारा हाती लागू दे फक्त," तो म्हणायचा. मी त्याच्यासमोर वर्तमानपत्रांच्या घड्या घालत राहायचो. चार घड्यांचा पेपर मी आठ घड्या घालून ठेवला आहे.

पावसाळा संपला आणि पट तयार होऊन आला. सरकारी प्रचाराच्या गाडीतून पट दाखवायचं यंत्र येणार, मैदानात सगळ्या गावाला दाखवायचं. शुक्रवारी संध्याकाळपासून मास्तरांचा शब्बाथ, विश्रांतीचा वार, लागतो, म्हणून रविवार ठरला. व्यवस्था माझ्याकडे. मी मांजरपाटाचा पडदा शिवून घेतला, दवंडी दिली. बाजारातल्या हसनमियांकडे बाकडी मागितली तर म्हणाले, "न्या की. पण पहिल्या बाकड्यावर इंशाअल्ला मीच. मागून मला नुसती टाळकी दिसतात." सगळं हसतखेळत चाललं होतं, आणि पटात तो खुंट दिसेल का, एवढंच माझ्या डोक्यात.

मग मास्तर म्हणाले, "त्या पटात जो माणूस आहे ना, त्याला बोलाव. पुढे बसवू. मान आहे त्याचा."

मी सोमाच्या वाडीवर गेलो. तीन तास चालत. सांगायचं ठरवूनच गेलो होतो — येऊ नकोस, तिथे गार्ड असेल, थोडे दिवस कुठेतरी जा. सोमाच्या बायकोने, हिराने, काळा चहा दिला. ती त्याची चेष्टा करत होती. "आता ह्यो शिणेमातला झाला. लाकडं फोडाया मी दुसरा नवरा बघतंय." सोमा लाजून जमीन उकरत होता. अख्खी वाडी यायला निघाली होती. मी चहा प्यालो, "रविवारी दिवेलागणीला या" म्हणालो आणि उठलो. का सांगितलं नाही? सांगायचं तर आधी ती परवानगीची थाप कबूल करायला हवी होती. परतीच्या वाटेवर मी स्वतःला समजावलं, पडद्यावर सगळी झाडं सारखीच दिसतात.

सारखी दिसत नाहीत.

रविवारी मैदान भरलं. सोमा आणि हिरा पुढे, हसनमियांच्या शेजारी. गार्ड मागे उभा, बिडी ओढत. मी यंत्रापाशी, तिथून मला सोमा आणि गार्ड दोघेही दिसत होते. ऐन आला. वाडीची पोरं ओरडली, "सोमादा! सोमादा!" तेवढ्यात पटातला जड आवाज सांगू लागला, की असे अडाणी, लोभी हात आपले डोंगर उघडे करत आहेत. पोरं गप्प झाली. मग कॅमेरा खुंटावर गेला. अगदी जवळ. साल दिसत होती, आतली ओल दिसत होती. शिक्का दिसत नव्हता. मी मागे पाहिलं. गार्ड बिडी टाकून पुढे यायला लागला होता. मी यंत्र बंद पाडू शकलो असतो, ओरडू शकलो असतो. यंत्राच्या वायरीवर पाय पडू नये म्हणून मी बाजूला सरकलो, एवढंच केलं.

सोमवारी सकाळी मला रेंजरसाहेबांकडे बोलावलं. सोमा जमिनीवर बसला होता, त्याची कुऱ्हाड टेबलावर. हिरा दाराशी. सोमाने सांगितलं होतं, वाचनालयातल्या भाऊने परवानगी आहे म्हणून सांगितलं. साहेबांनी मला खुर्ची दिली. दरडावलं नाही, धमकावलं नाही — तेवढी सबबसुद्धा मला नाही. कागद ओढून त्यांनी विचारलं, नाव काय, गाव कुठलं, शिक्षण किती. शिक्षण. पाचवी म्हटलं की दाखल्याची गोष्ट निघणार.

"मी फक्त रस्ता दाखवला," मी म्हणालो. "झाडाबद्दल मी काहीच बोललो नाही."

हे ते वाक्य.

सोमा चिडला नाही. मी विसरलोय असं त्याला वाटलं असावं. "भाऊ, तूच बोललास ना," तो मला आठवण करून देत म्हणाला, "परवानगी हाय म्हून? आठव जरा." मी साहेबांकडे बघत राहिलो. हिरा दारातून म्हणाली, "आमच्यात चा प्यायलास ना रे तू." साहेबांनी मला जायला सांगितलं. शिक्षणाचा रकाना तसाच कोरा राहिला होता, आणि बाहेर पडताना — हे लिहायला फार जड जातंय — मला हलकं वाटलं.

सोमाला कैद झाली. किती, ते मी विचारलं नाही. ठेकेदाराने हिराला आणि पोरांना कोळशाच्या भट्टीवरून काढलं. ती वाडी सोडून गेली. कुणी म्हणालं आपटा गावाकडे, कुणी म्हणालं घाटावर. मी शोधलं नाही. मास्तरांना मात्र चैन पडेना. त्यांनी फिल्मवाल्यांना पत्र लिहिलं. उत्तर आलं, की परवानगीचं तुमच्या माणसाने पाहिलं असेल असं आम्ही धरून चाललो. मास्तरांनी ते मला वाचून दाखवलं. "नारायण, तू त्याला काही म्हणाला होतास?"

मी म्हणालो, "नाही." दुसऱ्यांदा.

त्यांनी पत्राची घडी करून खिशात ठेवली. "तू म्हणतोस तर नाही." काही वर्षांनी ते कुटुंबासह इस्रायलला निघाले. त्यांच्या ट्रंका मीच गाडीवर चढवल्या. तेव्हाही गाडी सुटायला अर्धा तास होता.

तो पट अजून येतो. दरवर्षी, झाडं लावायच्या दिवसांत. मैदान मीच झाडतो, पडदा मीच बांधतो. आताच्या पोरांना सोमा कोण ते माहीत नाही. ऐन पडतो, तो घाम पुसून मान वर करतो आणि हसतो, तिथे पोरं एका सुरात ओरडतात, "चोर, चोर." त्यांना ते ओरडणं पटाचाच भाग वाटतं. मोठी माणसं म्हणतात, बघा, झाड पाडून वर हसतोय.

तो माझ्याकडे बघून हसत होता. मी कॅमेऱ्याच्या शेजारी उभा होतो. बरोबर झालं का, असं त्याने मला विचारलं होतं. पटात ते ऐकू येत नाही. मी हो म्हणालो होतो.