गंगाबाईंचं उत्तर मुलानं दिलं

बडनेऱ्याच्या वाचनालयात हा फळा वाचणाऱ्या मित्रांनो, आपल्या म्हाताऱ्यांविषयी सगळेच बोलतात, त्यांना मात्र कोणी बोलू देत नाही.

अमरावतीचे एक प्राध्यापक वृद्धांच्या गरजांचा अभ्यास करायला दरवर्षी आपल्याकडे येतात. आज सकाळी ते माझ्या शेजारच्या गंगाबाईंकडे आले, तेव्हा मी तिथेच होतो. त्यांनी विचारले, "आजी, काही त्रास आहे का?"

मुलगाच बोलला, "मायले काय कमी हाय? दोन टाइम गरम जेवते."

प्राध्यापक पुढच्या प्रश्नाकडे वळले, तशी म्हातारी कडाडली, "मले इचारलं त्यायनं! मी मेली काय रे? दिसत नाही मले, परसाकडे जायले कोणाचा हात लागते. हाका माराची लाज वाटते, म्हणून दिवसभर पाणीच पीत नाही मी."

वऱ्हाडातल्या वैशाखात! आणि लेक दरवर्षी सांगत आला, काही कमी नाही. आपण घराची अब्रू राखतो आणि घरातलं माणूस तहानेनं वाळवतो. असल्या उत्तरांवर म्हाताऱ्यांसाठी कोणती सोय उभी राहणार?

प्राध्यापक उद्यापासून तुमच्याही घरी येणार आहेत. ते म्हाताऱ्यांसमोर बसले, की घरातल्या प्रत्येक कर्त्या माणसाने उठून बाहेर जावे.