चष्मेवाल्याचा फोटो

गल्लीत त्यांना सगळे ‘हलूनका’ म्हणत. ओळखपत्रांचे फोटो काढणारा हा माणूस तीस वर्षांत इतक्या वेळा ‘हलू नका’ म्हणाला होता, की त्यांचं खरं नाव फक्त दुकानाच्या परवान्यावर उरलं होतं. बायको ‘अहो’ म्हणायची, त्यामुळे तिचं काही अडत नव्हतं.

पन्नाशी उलटली आणि हलूनकांना पक्ष्यांचं वेड लागलं. माणसांच्या तोंडांचा कंटाळा आलाय, असं त्यांनी जेवताना जाहीर केलं. हातभर लांबीची टेलीफोटो लेन्स घरी आली, तिला टॉवेलात गुंडाळून सोफ्यावर निजवलं आणि त्या दिवसापासून बैठकीत शिंकायला बंदी झाली.

दर रविवारी ते पाण्याच्या टाकीमागच्या बागेत जात. त्यांना एकच पक्षी हवा होता, चष्मेवाला. अंगठ्याएवढा, पोपटी, डोळ्यांभोवती पांढरी गोल कडी. अकरा महिन्यांत साडेतीन हजार फोटो झाले, सगळे फांद्यांचे. फांद्या उत्तम आल्या होत्या.

कारण साधं होतं. बटण दाबण्याआधी त्यांच्या तोंडून खणखणीत ‘हलू नका!’ बाहेर पडायचं. माणसं त्यावर थिजत, पक्षी उडत.

“मनात म्हणा की,” बायको म्हणाली.

“मनात म्हटलं तर त्याला कसं कळणार?”

खरं तर त्या रिकाम्या फांद्या बघून तिला आतून बरं वाटायचं. दुकानाच्या शोकेसमध्ये चोवीस वर्षं तिचा फोटो होता. लग्नाआधीचा, वेणी पुढे घेतलेला. लोक अजून तो बघून आत येत, तिच्याकडे बघत आणि “तुमची मुलगी का?” विचारत. आणि हलूनकांनी सांगून टाकलं होतं की चष्मेवाला मिळाला, की त्या जागी तो लागणार.

“लावा की,” ती म्हणाली होती, आणि भाजीत दोनदा मीठ घातलं होतं.

बाराव्या महिन्यात त्यांनी तिला सोबत नेलं. काम एकच, ऐन वेळी त्यांचं तोंड दाबून धरायचं. झुडपाआड ते कॅमेऱ्याला डोळा लावून वाकले, ती मागून त्यांच्या तोंडावर पंजा ठेवून उभी राहिली. फिरायला आलेल्या एका आजोबांनी काठी रोखली.

“बाई, या माणसाला सोडता, की पोलिसांना बोलावू?”

“माझे मिस्टर आहेत.”

“असू देत. पण श्वास तरी घेऊ द्या,” म्हणत आजोबा पुढे गेले.

तेवढ्यात चष्मेवाला समोरच्या फांदीवर येऊन बसला. तिच्या डोळ्यांपुढे शोकेसची काच आली आणि हात आपोआप सैल पडला. आपोआपच, असं पुढे तिनं स्वतःला बरेचदा बजावलं.

“हलू नका!”

चष्मेवाला हलला नाही. उलट ताठ बसून समोर बघू लागला.

हलूनका भारावले. गिऱ्हाईक सांगितल्यासारखं बसलं, की पुढची पायरी ठरलेली असते. जवळ जाऊन हनुवटी सरळ करायची. ते कॅमेरा सोडून निघाले.

“अहो, कुठं?”

“मान कलती आहे त्याची,” ते म्हणाले आणि चवड्यांवर चालत फांदीपाशी पोचले.

ती कॅमेऱ्यापाशी एकटी उरली. चष्मा कपाळावर ढकलून तिनं आत पाहिलं. चौकटीत फक्त पक्षी आणि खालून येणारी दोन बोटं. चोचीत आणि बोटांत तांदळाच्या दाण्याइतकं अंतर. पक्षी थेट तिच्याकडे बघत होता. बटण दाबलं नाही, तर काचेमागची आपली जागा शाबूत. पण इतकं नेमकं जुळून आलेलं वाया जाऊ द्यायचं, म्हणजे दूध उतू जाताना नुसतं बघत राहायचं. ते तिला जन्मात जमलं नव्हतं.

तिनं बटण दाबलं. पक्षी उडाला.

“गेला,” हलूनका रिकामी बोटं घेऊन परतले. तिनं कॅमेऱ्याचा पडदा त्यांच्यापुढे धरला.

“कोणी काढला?”

“इथं अजून कोण आहे?”

“सांगायचंस तरी. बोटं पुसून घेतली असती.”

सोमवारी शोकेस तिनंच उघडली. स्वतःचा फोटो उतरवला, कोपऱ्यातल्या मेलेल्या माश्या झाडल्या, चष्मेवाला लावला.

“अगं, दोन्ही बसतील,” हलूनका चुळबुळले.

“नाही बसत. मापं घेतलीत मी.”

दुपारी शेजारचा औषधवाला काचेपाशी थांबला. “वहिनी, तुमचा फोटो कुठं गेला?”

“हा काय. हा माझाच.”

तो वाकला. पक्ष्याच्या डोळ्यांभोवतीची कडी पाहिली, मग तिचा चष्मा, मग पुन्हा कडी. माणूस सभ्य होता.

“छान आलाय,” तो म्हणाला. “फक्त जरा बारीक दिसताय.”

“लांबून काढलाय ना,” ती म्हणाली.