थोरली माहेरी निघाली

लेक बाळंतपणात अडली आणि डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा युएश्या देवळाच्या पायरीवर बसून म्हणाली होती, "माई, माझी पोर उठू दे. मी तुला एकदा माहेरी नेऊन आणीन." पोर उठली. नातू आता शाळेत जातो. युएश्याला मात्र तेव्हापासून एकच घोर लागलेला, की गुडघे साथ देताहेत तोवर माईला माहेर दाखवायचं.

गाव तैवानच्या पश्चिम किनाऱ्यावरचं, मासेमारीवर जगणारं. देऊळ माझू माईचं, दर्यावरच्या लेकरांना सांभाळणारीचं. मूर्ती दोन. थोरली गाभाऱ्यातली, पिढ्यान्‌पिढ्यांच्या उदबत्त्यांच्या धुरानं चेहरा काळाभोर झालेली. धाकटी गोरी, गुलाबी गालांची. पालखीत बसून गावोगाव मिरवायचं ते धाकटीनं. थोरलीनं कधी उंबरठा ओलांडला नव्हता. पण युएश्या नवस बोलली होती तो थोरलीला.

तिनं कौल लावला. लाकडाच्या दोन चंद्रकोरी जमिनीवर टाकल्या. एक उताणी, एक पालथी, म्हणजे होकार. सलग तीनदा होकार आला. देवळाचे अध्यक्ष लू समोरच उभे होते. "माईच जाते म्हटल्यावर मी कोण अडवणारा?" म्हणाले.

निघायच्या सकाळी ती मूर्तीला वस्त्रं नेसवायला गेली, तर पाओचूनं दारातच अडवलं. पाओचू तिची शेजारीण. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या गावात आल्या, एकमेकींची पोरं एकमेकींनी वाढवली.

"तू वाहून नेणार, तर नेसवायला दुसरा हात हवा, असं पुजारी म्हणालेत," पाओचू म्हणाली. "का सगळं पुण्य तुलाच पाहिजे?"

युएश्या हसली आणि बाहेर बाकावर बसून राहिली.

सहाजणी निघाल्या. माईचं जन्मगाव मेइचौ, समुद्रापलीकडं; तिथली मूळ मूर्ती आई, गावोगावच्या मूर्ती तिच्या लेकी. शांघायपर्यंत विमान आणि पुढं रात्रीची गाडी. विमानात युएश्यानं लाल पिशवी छातीशी धरली होती. गाडीत माईचं वेगळं तिकीट होतं, तिच्या माहेरच्या लिन आडनावानं काढलेलं, खालचा बर्थ. तपासनीस बाई डब्यात आली. तिकिटावरचं नाव वाचून म्हणाली, "या लिनबाई कुठायत?"

युएश्यानं मूर्तीकडं बोट केलं.

"वय?"

"हजाराच्या वर."

"मग खालचा बर्थ मिळाला ते बरं झालं. वर कशा चढल्या असत्या?" बाईनं हात जोडले आणि पुढं गेली.

शेजारच्या खणात बाकीच्या चौघी सूर्यफुलाच्या बिया सोलत हसत होत्या. वरच्या बर्थवर पाओचू पाय लोंबकळत सोडून पेरू खात होती. दिवेलागण झाली, तशी युएश्यानं माईपुढं तीन छोट्या कपांत चहा ठेवला, उदबत्ती न लावताच नमस्कार केला, आणि प्रवासाची धूळ पुसावी म्हणून ओल्या रुमालानं माईचा चेहरा हलकेच टिपला.

रुमाल काळा झाला.

तिला वाटलं, धुराचाच थर सुटला. तिनं पुन्हा टिपलं. काळ्याखालून गुलाबी गाल वर आला.

तिनं रुमाल मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "पाओचू, खाली ये."

पाओचू उतरली. गालाकडं पाहिलं, रुमालाकडं पाहिलं, आणि अर्धा पेरू मुठीत धरून समोर बसली.

"कशानं रंगवलंस?"

"काजळी आणि तेल."

"कौल खोटा होता?"

"नाही गं. कौल खराच होता. म्हणूनच तर सगळे घाबरले." पाओचूचा आवाज खाली गेला. "माझा नवरा, दोन्ही पोरं, सगळी दर्यावर. थोरली गावात नसताना वादळ आलं तर कुणाकडं बघायचं? लू म्हणाले, युएश्याला सांगू नका, ती रडून गाव गोळा करेल."

"ते म्हणाले, आणि तू तोंड रंगवलंस."

"ही पण माईच आहे ना? धाकटी झाली म्हणून काय परकी?"

"परकी नाही. पण मी शब्द दिला होता तो हिला नाही. आणि आपल्या मुलुखातून निघाल्यापासून मी हिला थोरली म्हणतेय. ती मुकाट्यानं ऐकून घेतेय." युएश्यानं शेजारच्या खणाकडं मान केली. "पलीकडच्या चौघींना माहीत आहे?"

 शेजारच्या खणात बिया सोलायचा आवाज थांबला होता.

युएश्यानं रुमाल धुऊन आणला आणि मूर्तीचा सगळा चेहरा स्वच्छ केला. पाओचू हात धरायला लागली. "असं नको करू. तिथं काय सांगायचं?"

"आईसमोर लेकीला तोंड माखून उभी करू?"

सकाळी गाडीतून उतरून त्या होडीनं बेटावर गेल्या. मूळ देवळात रिवाज असा, की मूर्ती आणणारीनं कोण आलंय ते मोठ्यानं सांगायचं. पाठीमागून पाओचूनं बाही ओढली. युएश्या म्हणाली, "आई, ही आमच्या गावची धाकटी. थोरली यायला तयार होती. तिला येऊ दिलं नाही." तिथल्या पुजाऱ्यानं मान हलवली आणि मूर्ती उदाच्या धुरावरून फिरवली. त्याच्यासाठी कुणीही आलं तरी लेकच होती.

परतीच्या गाडीत युएश्या वरच्या बर्थवर भिंतीकडं तोंड करून पडून राहिली.

गावात फटाके लागले. अध्यक्ष लू पुढं झाले आणि माई माहेराहून आली म्हणून ओरडले. सगळ्यांसमोर युएश्या गुलाबी चेहऱ्याची मूर्ती घेऊन चालत होती. निघताना गावानं काळ्या चेहऱ्याची मूर्ती पोचवली होती. तिला वाटलं, आता कुणी तरी विचारेल. कुणी विचारलं नाही. म्हाताऱ्या बायांनी हात जोडले आणि नजर वळवली.

देवळात शिरल्यावर तिला कळलं. थोरली गाभाऱ्यात आपल्या जागी बसलेली होती. पुढं ताजी फुलं होती. तिला कुठं लपवली नव्हती, वर पडदासुद्धा टाकला नव्हता. चार दिवस सगळं गाव तिच्या पाया पडून गेलं होतं.

तिनं धाकटीला जागेवर ठेवलं. बाहेर मांडवात पंगत बसत होती, लूंच्या शेजारची खुर्ची तिच्यासाठी राखलेली होती. पाओचू आडवी आली.

"माझ्यावर राग काढ, पण जेवून जा."

"माझा नवस राहिलाय, पाओचू. पंगतीला कशी बसू?"

घरी नवरा अंगणात जाळं विणत बसला होता. पंगतीला तोही गेला नव्हता. युएश्यानं पिशवी खाली ठेवली, त्याच्याकडं पाहिलं, आणि विचारायच्या आधीच तिला उत्तर दिसलं. तरी तिनं विचारलं.

"तुम्हालाही माहीत होतं?"

त्यानं सुई जाळ्यात अडकवून ठेवली. "तू इतकी खुशीत होतीस," म्हणाला. "सांगवेना."