पाचवा दोर

म्हैसूरला जायचं ठरलं ते राजवाडा बघायला नव्हे, घरचं भांडण मिटवायला. मावसभाऊ प्रसादचा बंगळुरूहून फोन आला, "अक्का, तूच जाऊन सांग. आईचा खांदा गेलाय. डॉक्टरांनी ओढाओढ बंद म्हणून सांगितलंय, तरी रोज ओढते. रविवारी मी गाडी घेऊन येतोय, दोघांना इकडेच आणणार. तोवर तू बॅगा भरून ठेव." मावशी काय ओढते हे त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पाण्याचा पिंप असेल, असं मला वाटलं.

मिरजेहून ट्रेन सोयीची पडते. तिकीट मात्र खूप आधी काढा, ऐनवेळी उभं राहायलाही जागा मिळत नाही. आणि डबा घरचा न्या, गाडीतल्या उपम्याबद्दल न बोललेलंच बरं. म्हैसूर स्टेशनबाहेर रिक्षावाल्याने न मागता मीटर टाकला, तेव्हाच मी चकित झाले होते. पण खरा धक्का अग्रहार भागातल्या मावशीच्या गल्लीत वाट बघत होता.

रिक्षातून उतरले आणि वर पाहिलं. पहिल्या मजल्याच्या उंचीवर माझे काका खुर्चीत बसून हवेत लोंबकळत होते. मांडीवर वर्तमानपत्र होतं. खाली माझी काडीसारखी मावशी पदर खोचून दोर सोडत होती, हळूहळू, खुंटीला एक वेढा देऊन. हातातली बॅग कधी खाली पडली कळलं नाही.

"मावशी, अगं काय हे?"

"आता बोलू नको ग. हात सुटेल."

"केव्हा आलीस?" काका वरूनच म्हणाले. "गाडी लेट होती काय?"

शेजारच्या फुलवालीने न बघताच आपली मोगऱ्याची टोपली बाजूला सरकवली. खुर्ची टेकली. मावशीने काकांना चाकाच्या खुर्चीवर घेतलं, ढकलत दुकानात नेलं, हातात कात्री दिली आणि मला विचारलं, "कॉफी घेणार ना?"

काका शिंपी, शाळांचे गणवेश शिवतात. दुकान खाली, राहणं वर, मधला लाकडी जिना इतका चिंचोळा की परकरपोलक्यातली पोरगीसुद्धा तिरकी होऊन चढेल. तीन वर्षांपूर्वी पाठीच्या दुखण्यात काकांचे पाय गेले. सुरुवातीला चौघेजण त्यांना उचलून जिन्यावरून न्यायचे. वळणावर सगळे अडकायचे, धापा टाकायचे. एक दिवस काका म्हणाले, "मला तिरडीवर घालून नेल्यासारखं नेऊ नका," आणि त्यांनी खाली येणंच सोडलं. मग वरच्या खोलीत भिंतीकडे बघत बसले. बोलणं संपलं, जेवण अर्ध्यावर आलं. जेवताना मावशी हे सगळं सांगत होती. आम्हा कोल्हापूरकरांना यातलं कुणी काही कळवलंच नव्हतं.

"मग मत्ते एक दिवशी कापडाचा गठ्ठा वर चढवताना बघितलं मी," मावशी म्हणाली. गल्लीवर पुढे आलेल्या तुळईला कप्पी, म्हणजे तिकडची राटे, टांगून तागे माळ्यावर चढवायचे, ही त्यांच्या घरची जुनी पद्धत. "गठ्ठा जातो तर हे का नाही? पण एका राटेने होत नाही ग. एकच असली तर काका जेवढे जड, तेवढंच ओढायचं. वर दोन, खाली दोन राटे लावले की भार चार दोरांवर जातो. चार हात दोर ओढला की काका एक हात वर. अष्टे, एवढंच."

संध्याकाळी तिने माझ्या हातात दोर दिला. मी ओढला. दोन भरलेल्या बादल्या उचलल्याएवढं जड लागलं, जास्त नाही. एक अख्खा माणूस माझ्या हाताने वर चालला होता आणि मला ते खरं वाटत नव्हतं. शाळेच्या पुस्तकात कप्पीच्या चित्राखाली विहीर आणि बादली होती, तेवढीच कप्पी मला ठाऊक होती. फक्त दोर किती ओढावा लागतो, ते पुस्तकात नव्हतं. ओढतच राहायचं, ओढतच राहायचं. आणि मावशीच्या खांद्याने हे दोन वर्षं रोज केलं होतं.

शनिवारी मावशीने मला हट्टाने फिरायला पिटाळलं. देवराज मार्केट सकाळीच बघा, हळदकुंकवाच्या राशी आणि केळ्यांचे घड तेव्हा ताजे असतात. नंजनगूडची रसबाळे केळी मिळाली तर सोडू नका, घासाघीस करू नका. दोसा कुठेही खा, लोणी भरपूर असतं. राजवाड्यात चपला बाहेर ठेवाव्या लागतात, दुपारी फरशी तापते, मोजे न्या. मी हे सगळं केलं, पण डोक्यात खुर्चीच लोंबकळत होती.

परत येऊन मी मावशीला सुनावलं. खांदा निखळला तर दोघंही जमिनीवर येतील, प्रसाद बरोबर बोलतोय, चला बंगळुरूला. ती तांदूळ निवडत ऐकत राहिली. मग म्हणाली, "नवव्या मजल्यावर नेऊन बसवेल तो. लिफ्ट आहे, सगळं आहे. तिथं यांना कोण कापायला कापड देणार? हातात कात्री नसली की यांना बोलायलाच येत नाही ग. पुन्हा भिंतीकडे बघतील. मी ते एकदा बघितलंय." मला वाईट वाटलं. तरीही रात्री मी बॅगा भरल्या. मला दुसरा मार्ग दिसत नव्हता.

रविवारी दुपारी काकांना जेवायला वर न्यायची वेळ आणि प्रसादची गाडी गल्लीत शिरायची वेळ एकच झाली. खुर्ची अर्ध्यावर होती. मावशीने दोर ओढायला हात वर नेला आणि "आई ग" म्हणून तिचा उजवा हात लुळा पडला. दोर सुटला. मी झेप घेऊन पकडला, तो माझे तळवे सोलत गेला. खुर्ची सरर्कन हातभर खाली आली. प्रसाद गाडीचं दार उघडं टाकून धावला.

आणि खुर्ची थांबली.

मला वाटलं मी थांबवली. वर बघितलं तर काकांनी शेजारून खाली येणारा दोर दोन्ही मुठींत धरला होता. भीतीने धरला होता, बुडणारा माणूस काहीही धरतो तसा. त्यांनी एकदा मुठीकडे बघितलं, एकदा वरच्या कप्प्यांकडे. मग एक हात वर सरकवला आणि ओढलं. खुर्ची वर गेली.

"बिडु," ते कन्नडमध्ये म्हणाले. सोड. मी सोडेना. "अगं सोड, हलकं आहे हे."

मी दोर खुंटीला वेढून नुसता सैल धरला. काका एकेक मूठ दोर खेचत स्वतःला वर घेऊन गेले, खिडकीच्या कठड्याशी पोचले आणि तिथून खाली बघून हसले. दोन वर्षांत मी ते हसू फोनवरसुद्धा ऐकलं नव्हतं.

मावशी दुकानाच्या पायरीवर खांदा धरून बसली होती. रडत होती की संतापली होती, सांगता येणार नाही. "दोन वर्षं मी ओढत होते की," ती म्हणाली. "तुमच्या कानाशीच होता की तो दोर."

"गठ्ठा म्हणून बांधलंस, गठ्ठ्यासारखा बसलो," काका वरून म्हणाले. "गठ्ठा कधी स्वतः दोर ओढतो काय?"

त्या घरात तीन पिढ्या खालचा माणूस ओढत आला आणि वरचं ओझं गप्प बसलं. म्हणून कुणाच्या डोक्यात आलंच नाही.

संध्याकाळी काकांनी दोऱ्याची रिळं आणि दोरा घेऊन आम्हाला समजावलं. मावशी ओढते तेव्हा त्यांचा भार चार दोरांवर असतो. ते स्वतः ओढतात तेव्हा त्यांच्या हातातला दोरही त्यांनाच धरतो, म्हणजे पाच. प्रसाद शेवटी म्हणाला, "अप्पा, कमरेला पट्टा हवा. आणि जपायला वेगळा एक दोर. ते मी लावून घेतल्याशिवाय जाणार नाही." तो तीन दिवस राहिला. बॅगेतल्या मावशीच्या साड्या मी पुन्हा कपाटात लावल्या.

आता मी घरी आहे. तळव्यावरचं कातडं नवं आलंय, भाकरी थापताना अजून चुरचुरतं. म्हैसूरला जाणार असाल तर राजवाडा बघाच, पण मला विचाराल तर मी तिथून आणलं ते एवढंच, हे तळव्यावरचं नवं कातडं.

परवा प्रसादने व्हिडिओ पाठवला. काका मांडीवर वर्तमानपत्र ठेवून स्वतः वर चाललेत आणि मावशी खाली उभी आहे, दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधून. मी फोन करून विचारलं, हात असे का?

"पुढे ठेवले की जाऊन दोर धरतात ते," ती म्हणाली. "हे वर पोचेपर्यंत तशीच उभी राहते. आत जाववत नाही ग."