दीर्घ श्वास

मोहोपाड्याजवळच्या एका रंगाच्या कारखान्यात मी नर्स आहे. आमच्या दवाखान्यात फुप्फुसं तपासायचं यंत्र होतं. कामगाराने नळीत फुंकलं की छाती कितपत शाबूत आहे ते कळायचं. ते बिघडलं, दुरुस्त कुणी केलं नाही, आणि दवाखान्याची 'वेलनेस रूम' झाली. भिंतींना फिकट हिरवा रंग, कोपऱ्यात मसाजची खुर्ची.

उद्घाटनाला मुंबईहून योगशिक्षिका आल्या. मॅनेजर साहेबांनी रंगाच्या पावडर खात्यातल्या कामगारांना पहिल्या रांगेत बसवलं. "दीर्घ श्वास घ्या," बाई म्हणाल्या. कशेळ्याहून येणाऱ्या एका कामगाराला लगेच ढास लागली. तोंडाशी रुमाल धरून तो वाकला, तर थुंकीसोबत रुमालावर पिवळा रंग उतरला. साहेब माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "सिस्टर, त्याला मागे न्या. फोटो खराब होतायत."

मला शिसारी आली. मी त्याला मागे नेलं नाही, रिक्षात बसवून थेट सरकारी दवाखान्यात नेलं.

"सिस्टर, मला कामावरून तर नाय ना काडणार?" तो वाटेत विचारत होता.

"आधी छाती बघू रं तुझी."

डॉक्टरांनी त्याला पावडरीपासून लांब ठेवायला सांगितलं. कंपनीने त्याला बागकामाला लावलं आणि त्याच्या जागी दुसरा माणूस घेतला.

"याची छाती तपासून घ्यायची ना?" मी साहेबांना विचारलं.

"तरणाताठा आहे, त्याला काय होतंय!" ते हसत म्हणाले.

मला तिथेच थुंकावंसं वाटलं.