कसाऱ्याच्या कड्यावरची खर्चुडी

नव्वदीचं दशक निम्मं सरलं होतं आणि मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आम्ही कसाऱ्याला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो. बाबा घाटात गँगमन होते, रुळांची देखभाल करायचे. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, आणि घेतलं होतं वनस्पतिशास्त्र. आईला त्याचं नवल वाटायचं. "झाडपाला शिकाया कल्याणला जायचं? इथं काय कमी हाय?" असं ती म्हणायची.

एक दिवस आमच्या मॅडमनी फळ्यावर एक फूल काढलं. खाली फुगीर, मध्ये नळी, आणि वर पाकळ्यांची टोकं एकमेकींना चिकटून झालेला छोटा पिंजरा. म्हणाल्या, ही खर्चुडी. कातळाच्या कडेला, मूठभर मातीत वाढते. पावसाळ्यात वेल वर येते, फुलते आणि थंडीत सुकून जाते. जमिनीत फक्त कंद उरतो. तो साळिंदरं उकरतात, माणसंही खातात. शहापूरच्या डोंगरांवर ती पूर्वी असायची, पण मॅडमना तिथे कधी दिसली नव्हती. "दिसली तर मला सांगा. तोडू मात्र नका," असं त्यांनी बजावलं.

रात्री जेवताना मी हे घरी सांगितलं. बाबा भाकरी मोडत ऐकत होते. फुलाच्या वासाने बारकी माशी आत शिरते, नळीतल्या केसांमुळे तिला परत वर येता येत नाही, मग दुसऱ्या दिवशी ते केस सुकतात आणि ती पराग घेऊन बाहेर पडते, असं मी म्हटलं तेव्हा त्यांचा हात थांबला.

"म्हंजे रातभर कोठडीत ठेवतं आन् सकाळी सोडून देतं?"

"हो."

"आन् मारत नाय तिला?"

"नाही. तिच्याकडून काम करून घेतं."

"भारीच फूल हाय," असं म्हणून ते पुन्हा भाकरी मोडायला लागले.

दुसऱ्या दिवसापासून बाबांच्या डब्यातून पाला यायला लागला. दुपारी डबा खाऊन झाला की ते आसपासची झुडपं धुंडाळायचे आणि संध्याकाळी झाकण उघडून माझ्यापुढे धरायचे. कधी अनंतमूळ, कधी कावळीचा वेल, एकदा तर चक्क घोसाळ्याचा शेंडा. "ही नाय?" "नाही बाबा." "बरं, उद्या बघू." डब्याला चिकाचा वास लागला म्हणून आई वैतागली. शेवटी मी त्यांना मॅडमचं सांगणं पुन्हा सांगितलं, की तोडायचं नाही, नुसतं बघायचं.

गणपती होऊन गेल्यावर एका संध्याकाळी बाबा घरी आले आणि डबा न उघडताच मोरीपाशी ठेवला. चेहरा असा, की पगारवाढ झाली असावी.

"आज काय आणलं नाय," ते म्हणाले.

मी पुस्तक मिटलं. त्यांनी काय पाहिलं ते मला कळलं होतं.

रविवारी आम्ही तिघं निघालो. आई हट्टाने आली, म्हणे बापलेक कशापायी येडे झालेत ते तरी बघते. लाइनीच्या वरच्या अंगाला गुराख्यांची वाट आहे, तिने चढलो. गवत कमरेपर्यंत, पायाखाली निसरडा कातळ. कड्याच्या टोकाशी बाबा पोटावर झोपले आणि मला खूण केली. मीही झोपले आणि मान पुढे काढली. अगदी हाताशी, गवताच्या काडीला विळखा घालून ती वेल उभी होती. हिरवट पांढरं फूल, टोकाला जांभळी झाक, आणि फळ्यावरचा तो पिंजरा जसाच्या तसा. आजूबाजूला आणखी वेली होत्या. आई मागे एका चपट्या दगडावर बसली होती. उठताना तिचं लुगडं कंटकीच्या काटेरी झुडपाला अडकून टरकन फाटलं आणि परतीच्या वाटेवर आम्ही त्याबद्दल भरपूर ऐकलं.

त्याच आठवड्यात मॅडम आल्या. त्यांना दमा होता, चार पावलांवर थांबायच्या, पण परत फिरायचं नाव नाही. भिंग लावून त्यांनी फूल बराच वेळ पाहिलं. मग तिथेच गवतात बसल्या आणि हसायलाच लागल्या. "तुमची मुलगी पास झाली समजा," त्या बाबांना म्हणाल्या. बाबा म्हणाले, "आन् मी?"

पुढच्या उन्हाळ्यात बाबा एकदा जेवायला बसले आणि ताट तसंच ठेवून उठले. पावसाआधी घाटातले सुटे झालेले दगड पाडतात, नाहीतर ते पावसात रुळांवर येतात. त्या वर्षी आमच्याच कड्याची पाळी होती आणि काम बाबांच्या गँगकडे होतं. दगड पाडू नका असं कोण म्हणणार? खालून माणसांनी भरलेल्या गाड्या जातात. बाबांनी मुकादमाला सगळं खरं सांगितलं. तो आधी हसला, मग म्हणाला, "परवापासून काम धरतो. तवर काय उपटायचं ते उपटा."

कडा उन्हात नुसता करपला होता. वेली केव्हाच वाळून उडून गेल्या होत्या आणि वरून काहीच ओळखू येत नव्हतं. बाबा म्हणाले इथे, मी म्हणाले तिथे. दोन्हीकडे खणलं तर नुसती खडी निघाली. आई कंबरेवर हात ठेवून आमच्याकडे बघत होती.

"माझं लुगडं फाटलं ती कंटकी कुठाय? अं? ही बघा. आन् मी बसले तो दगड हा. आता तिथनं तुमची तंगडी कुठवर पोचत होती?"

तिने दाखवलं तिथे बाबांनी हाताने माती उकरली आणि पहिला कंद निघाला. चपटा, गोल, लहान कांद्याएवढा. मी तो ओंजळीत घेतला. एक-दोन साळिंदराने आधीच खाल्ले होते, बाकीचे मिळाले. निम्मे आम्ही लाइनीपासून दूर, दुसऱ्या कड्यावर लावले. निम्मे घरी आणून दारापुढच्या ओट्यावर, फुटक्या माठाच्या बुडात आणि तेलाच्या डब्यात, खडीमिश्रित मातीत.

कड्यावरच्या वेली पावसाळ्यात शेळ्यांनी खाल्ल्या, एकही वाचली नाही. घरच्या मात्र उगवल्या. बाबा कामावरून आले की चपला न काढता आधी डब्यापाशी बसायचे. भाद्रपदात फूल आलं आणि अख्खी चाळ बघायला जमली. पण फुलं येत आणि गळून जात, शेंग धरेना. मॅडम म्हणाल्या, ओट्यावर ती विशिष्ट बारकी माशी येत नसेल.

"माशी पायजे ना?" आई म्हणाली. तिने बोंबलाची डोकी आणि शेपट्या एका करवंटीत घालून वेलीशेजारी ठेवल्या. शेजारणींनी नाकाला पदर लावले. बाबा म्हणाले, "कोठडी भरणार आता." बोंबलाच्या वासाने झालं की आपोआप, हे मॅडमनाही ठरवता आलं नाही, पण त्या आठवड्यात एका फुलाच्या जागी शिंगांसारख्या दोन बारीक शेंगा दिसल्या. बिया वाऱ्यावर उडून जाऊ नयेत म्हणून आईने तिच्या जुन्या पोलक्याची पिशवी शिवून शेंगांवर बांधली. पिशवी उघडली तेव्हा आत रेशमी शेपट्यांच्या बिया होत्या. आमच्या घरी इतकी आनंदाची सकाळ माझ्या निकालाच्या दिवशीही झाली नव्हती.

त्यानंतर दर वर्षी थोड्या बिया मिळत गेल्या. दोन हजार साल उलटल्यावर मी मुरबाड तालुक्यात शाळेत विज्ञान शिकवायला लागले आणि बाबा निवृत्त होऊन माझ्याकडे आले. त्या बाजूच्या डोंगरांवरही ही खर्चुडी पूर्वी होती, असं मॅडमनी जुन्या नमुन्यांवरून खात्रीने सांगितलं. मग आम्ही माळशेजच्या अलीकडच्या, शेळ्या पोचणार नाहीत अशा कपारी शोधल्या आणि पाऊस लागण्याआधी बिया मातीत दाबून आलो. पहिल्या वर्षी काही नाही. दुसऱ्या वर्षी दोऱ्यासारखी रोपं दिसली, पण फूल नव्हतं.

त्याच्या पुढच्या पावसाळ्यात बाबा माझ्यापुढे चढत होते. गुडघे दुखत असूनही मला मागे टाकायचे. आमची कपार अजून बरीच वर होती, तेवढ्यात ते वाटेतच खाली बसले. मला वाटलं पाय मुरगळला.

"इकडं ये गो," ते हळूच म्हणाले.

वाटेच्या कडेला, कातळाच्या एका भेगेत, गवताला विळखा घालून वेल उभी होती आणि तिच्यावर दोन फुलं होती.

"ही आपण लावली?" मी विचारलं.

"नाय," बाबा म्हणाले. "ही आपण लावलेली नाय. ही इथलीच, आधीपासूनची."

मग आम्ही दोघं त्या ओल्या गवतात पोटावर झोपलो आणि कुठल्या फुलात माशी अडकली आहे ते बघत राहिलो.